एल्विनला बेटं दाखवताना

एल्विन रंकाळ्याच्या कठड्यावर बसला
आणि आधी वाऱ्याकडं तोंड केलं.
भेळेकडं नंतर.
व्हर्ना म्हणाली, खोडच आहे त्याची,
लग्नाच्या फोटोतही असाच तिरका उभा.

सहा वर्षं मी त्याच्या शिडाच्या बोटीवर स्वयंपाकी होतो.
बेक्वियाहून पहाटे निघायचं,
कानुआन डाव्या हाताला ठेवून
दुपारी मायरोच्या खाडीत नांगर.
पाहुणे बदलायचे, बेटं तीच.
मी मगदुमांचा. मासा तळायचा, चाखायचा नाही.
मीठ एल्विन बघायचा:
डोळे मिटून एक घास,
मग दोन बोटांची चिमूट हवेत,
एवढं. अजून एवढं.
घरी आईला सांगितलेलं, बोटीवर भाजीच असते.

आज तो पाहुणा आणि कप्तान मी.
हंसाच्या तोंडाची होडी, पायानं मारायची,
अर्ध्या तासाचे पैसे आधी.
लाइफ जॅकेटचं बक्कल तुटकं, ते त्यानं
खिशातल्या दोरीनं बांधलं.
तीच गाठ,
जी शिकायला मला अख्खा मार्च लागला होता.

'हे बेट कुठलं?'
संध्यामठाचे दगडी खांब, कमरेपर्यंत पाण्यात.
म्हटलं, पाणी आटलं की चालत जाता येतं.
'मग ते बेट नव्हे, मॅग.
खरी बेटं नाहीत का तुमच्यात?'

होती की.
आठ दिवस होती.

माझे पाय पॅडलवर थांबले.
राजाराम बंधाऱ्याचा आकडा घरोघरी,
फुटात, इंचात, पोराचा ताप मोजावा तसा.
मग हायवे गेला.
चिखलीत आधी रस्ते गेले, मग ओटे,
मग उरल्या नुसत्या गच्च्या.
मावशीच्या माडीवर दोन म्हशी,
जिन्यानं चढल्या त्या मुकाट,
उतरायला मात्र तीन दिवस घेतले.
मी फायबरच्या नावेत पुढं उभा,
खालनं ऊस नावेच्या पोटाला घासतोय.
तू शिकवलंस पाण्याचा रंग वाचायला:
तपकिरी तिथं खडक, फिकट तिथं वाळू,
गडद निळं म्हणजे खुशाल जा.
इथं सगळंच तांबडं, एल्विन.
मग विजेचे खांब वाचले.
ह्या तारेखाली रस्ता, त्या टाकीशी शाळा.
एका गच्चीवर म्हातारा, छत्री मिटलेली, भिजत उभा.
म्हणाला, आमचं ऱ्हाऊ दे,
फुडं बाळंतीण हाय, तिकडं जावा.

व्हर्नानं बोट पाण्यात बुडवून जिभेला लावलं.
'मीठच नाही.'
अगं, रंकाळ्याचं आहे ते! मी ओरडलो.

बराच वेळ एल्विन मठाकडं बघत राहिला.
'युनियनवरचं माझ्या बहिणीचं घर आठवतं?
हिरव्या छपराचं?'
आठवतं. तिच्या अंगणात निरफणस भाजायला शिकलो.
'वादळानंतर छप्पर शोधलं, शोधलं.
कुणी म्हणालं, पलीकडच्या बेटावर शेळ्या बांधल्यात त्याखाली.'
मला हसू आलं.
हसावं का, कळेना.
तोही हसला तेव्हा सुटलो.

काठावरनं शिट्टी. वेळ संपलेली.
वारा समोरून, हंस जागेवर गोल फिरतोय,
आणि घरी दिवेलागणीच्या आत ताटं.
एल्विननं व्हर्नाची ओढणी घेतली,
दोन्ही हात पसरून उभा राहिला.
हंस हलला, पण भलतीकडं.
शिट्टीवर शिट्टी.
बाकांवरची माणसं उठून बघायला लागली.

जेमतेम पोचलो उजेडात.
आईनं आमटी वाढली, कांदा-लसूण नसलेली,
आणि समोर बसली, पदर गुडघ्यावर.
एल्विननं डोळे मिटले. एक घास.
मग दोन बोटांची चिमूट हवेत.

मी उठून मिठाची वाटी आणली,
त्यानं मान डोलवेपर्यंत घातलं.

आई माझ्याकडं बघतेय.
'तुला रं कसं कळलं, काय मागतोय त्यो?'